बेकरीवाल्याचा घोडा आणि दुपारचा बंब

लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला कुणीतरी नवीन भेटतं आणि विचारतं, "तुम्ही काय करता?" मी म्हणतो, "वॉशिंग मशीन दुरुस्त करतो." तेवढ्यात शेजारचा एखादा जुना मित्र म्हणतो, "आणि आगीही विझवतात." मग समोरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. चष्मा, टक्कल, सुटलेलं पोट.

"म्हणजे फायर ब्रिगेडमध्ये जॉब?"

"जॉब असं नाही म्हणता येणार."

"मग व्हॉलंटियर?"

"अगदी तसंही नाही."

इथे तो प्रसादाच्या रांगेकडे वळतो. त्यात त्याची काही चूक नाही. वीसेक वर्षं मी हे काम केलं, यंदा वसंतात सोडलं, आणि आपण नक्की काय होतो हे मला अजून एका वाक्यात सांगता येत नाही.

तेव्हा आधी हा घोळ जमेल तितका निस्तरतो. इंग्लंडच्या मोठ्या शहरांत पगारी फायरमन असतात. ते स्टेशनातच असतात, त्यांच्या पाळ्या बदलतात. खेड्यांत ते परवडत नाही. आमचं गाव केंब्रिजपासून फार लांब नाही, पण खेडंच. तिथे स्टेशन आहे, स्टेशनात लालभडक बंब आहे, पण माणूस एकही नसतो. माणसं आपापल्या कामावर असतात. कुणी सुतार, कुणी शाळेत, कुणी माझ्यासारखा मशीनच्या पोटात डोकं घालून बसलेला. प्रत्येकाच्या कमरेला पेजर. तो वाजला की हातातलं टाकून पळायचं आणि पाच-सहा मिनिटांत स्टेशन गाठायचं. याचे थोडे पैसे मिळतात, म्हणून स्वयंसेवक म्हणवत नाही. ते इतके थोडे असतात की नोकरी म्हणायला जीभ रेटत नाही. माझी मुलगी रेवा लहानपणी एकदा वैतागली होती. "बाबा, माझा टीचर विचारली, तुझा जॉब काय आहे. मी काय सांगू? प्लीज, एकच सांग." मी म्हटलं, विचार करून सांगतो. आता ती लंडनमध्ये नोकरी करते आणि मी अजून विचारच करतोय.

मी मूळचा सांगलीचा. केंब्रिजच्या एका उपकरणांच्या कंपनीत लागलो, ती कंपनी बंद पडली, आणि घर या गावात घेतलेलं असल्यामुळे इथेच दुरुस्तीचं दुकान काढलं. जेफचं मशीन गळत होतं म्हणून मी त्याच्या घरी गेलो. जेफ म्हणजे आमच्या स्टेशनचा प्रमुख, पेशाने सुतार. मी जमिनीवर आडवा पडून पाइप बसवत होतो आणि तो डोक्याशी उभा राहून प्रश्न विचारत होता. "तू दिवसभर गावातच असतोस?" मला वाटलं, मशीन पुन्हा गळलं तर कुणाला बोलवायचं याची चौकशी चालली आहे. मी हो म्हणालो. "आणि मोठी गाडी चालवायची भीती वाटते?" मी नाही म्हणालो. वर्षभराने मी बंब चालवत होतो. माझी निवड शौर्यासाठी झाली नव्हती. मी दिवसा घरापासून लांब जात नव्हतो, एवढाच माझा गुण.

हा गुण किती मोठा आहे ते कळायला मला वेळ लागला. खेड्यातली निम्मी माणसं सकाळी केंब्रिजला नाही तर लंडनला कामाला जातात. रात्री बंबावर चढायला हवी तितकी माणसं मिळतात, पंचाईत होते ती दिवसा. बंब हलायला किमान चार माणसं लागतात. त्यात एक प्रमुख हवा आणि एक बंब चालवण्याची परीक्षा पास झालेला हवा. तो नसला तर बंब जागचा हलत नाही, मुख्यालयाला कळवावं लागतं, आणि आमच्या गावची आग विझवायला शेजारच्या शहरातून बंब निघतो. तो येईपर्यंत बराच वेळ जातो. आमच्या गावात गवताने शाकारलेली घरं बरीच आहेत.

एकदा पेजर वाजला तेव्हा मी नेमका दुकानातल्या शिडीवर होतो. उतरून पळत स्टेशनात पोचलो तर बंबात सगळे हेल्मेट घालून, पट्टे बांधून बसलेले. पुढे जेफ, मागे चौघं, दारं उघडी, सगळे समोर बघतायत. फक्त स्टिअरिंगसमोरची जागा रिकामी. त्यांच्यातल्या एकालाही तो बंब चालवायची परवानगी नव्हती. मी वर चढलो आणि किल्ली फिरवली. मला हसावं की घाबरावं कळेना. त्या दिवसापासून दिवसाउजेडी केंब्रिजला जायचंही मी टाळायला लागलो. सुनंदा, माझी बायको, केंब्रिजच्या हॉस्पिटलात नर्स. ती म्हणायची, "अहो, आपण दोघं शेवटचं दुपारी बाहेर कधी जेवलो, आठवतंय?" मला आठवत नव्हतं.

आमच्यात एक रीत होती, ती इथेच सांगून ठेवतो. पेजर वाजल्यावर जे आधी पोचतील ते बंबात बसतात. जो उशिरा येईल आणि ज्याला जागा उरली नसेल, त्याने घरी जायचं नाही. स्टेशनाचं मोठं दार लावायचं, आणि सगळे परत येईपर्यंत चहाची तयारी करून ठेवायची. कितीही मोठा माणूस असो, मागे राहिला की चहा त्याचाच. माझी ही पाळी कधीच आली नाही, कारण दिवसा माझ्याशिवाय बंब निघतच नसे आणि रात्री मी सर्वांत आधी पोचत असे. आम्ही परत यायचो तेव्हा चहा तयार असायचा आणि घाईत भिरकावलेले आमचे बूट भिंतीशी जोडीजोडीने लावलेले असायचे. बूट कोण लावतं हे मी कधी विचारलं नाही.

आता आगीकडे येतो, कारण वाचकांना तेच हवं असतं. बाहेरच्या माणसाला आग विझवणं सोपं वाटतं. पाणी मारायचं, झालं. पण गवताचं छप्पर मुळात पाणी आत शिरू नये म्हणूनच बांधलेलं असतं. वरून कितीही पाणी मारा, ते ओघळून खाली जातं आणि आग आत धुमसत राहते. मग छपरावर चढून आकड्यांनी गवत ओढून काढावं लागतं, आणि बाकीच्यांनी खालून घरातलं सामान बाहेर आणायचं असतं. मिसेस हॉब्स यांच्या घराला आग लागली तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर उभं राहून ओरडत होतं, "पाणी मारा ना!" आणि आमची माणसं सोफा उचलून बाहेर आणत होती. लोकांना वाटलं आम्हाला वेड लागलंय. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मिसेस हॉब्स तेव्हाच ऐंशीच्या पुढे होत्या. चर्चच्या फुलांपासून गावच्या भांडणांपर्यंत सगळं त्यांच्या देखरेखीखाली चालायचं. त्या बागेत खुर्चीवर ताठ बसून सामान कोणत्या क्रमाने आणायचं ते सांगत होत्या. आधी मुरांब्याच्या बरण्या, मग घड्याळ, घड्याळ उभंच धरायचं, आडवं नाही. मी बंबापाशी होतो. बंब चालवणारा आगीत जात नाही, पंप त्याच्या हाती असतो. बंबातलं पाणी काही मिनिटांत संपतं, म्हणून पोचल्या पोचल्या रस्त्यातला हायड्रंट, म्हणजे जमिनीखालचा मोठा नळ, शोधायचा असतो. जवळच्या भिंतीवर पिवळी पाटी असते, तिच्यावरच्या आकड्यावरून झाकण किती लांब आहे ते कळतं. पाटी होती. आकडा होता. त्या जागी झाकण मात्र नव्हतं. तिथे पेटुनियाच्या फुलांनी भरलेली दगडी कुंडी होती.

"मिसेस हॉब्स, ही कुंडी हलवावी लागेल," मी म्हटलं.

"मुळीच नाही. सुंदर गावाच्या स्पर्धेचे परीक्षक शनिवारी येतायत."

"तुमचं घर जळतंय."

"ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण घर स्पर्धेत नाही."

शेवटी मी आणि त्यांचा शेजारी, दोघांनी मिळून कुंडी ढकलली, ती कलंडली, पेटुनिया रस्त्यावर सांडल्या, झाकण उघडलं आणि पाणी मिळालं. निम्मं घर वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, आभार मानायला. त्या म्हणाल्या, "मिस्टर डीके, पेटुनिया." एवढंच, आणि गेल्या. दिनकर हे नाव गावात कुणाला झेपलं नाही, मी सगळ्यांचा डीके. घर वाचवल्याचा अपराध मी नेमका कसा केला, यावर मी बरेच दिवस डोकं खाजवत होतो.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी सांगितलं, पळणं बंद. मी जेफला म्हटलं, वसंतात पेजर परत देतो. जेफने हातातली करवत खाली ठेवली. त्याचं कारण मला ठाऊक होतं. दिवसा बंब चालवणारा मी एकटा होतो. थोड्याच दिवसांत मुख्यालयाचा निरोप आला, की असंच राहिलं तर स्टेशन बंद करावं लागेल, त्याआधी गावात सभा घेऊन लोकांचं म्हणणं ऐकू. सभेत कुणीतरी स्टेशनाचा इतिहास सांगावा असं ठरलं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी जेफला विचारलं, "सांगलीच्या माणसाला का? तुम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या आहात." तो म्हणाला, "म्हणूनच. मी सांगितलं तर चर्चवाले उठून जातील. त्यांनी सांगितलं तर आम्ही जाऊ."

झालं असं, की आमच्या स्टेशनाच्या कोपऱ्यात हाताने चालवायचा एक जुना पंप उभा आहे, चाकं लावलेला. गावचं अग्निशमन दल त्याच्यापासून सुरू झालं, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे सगळा आनंद. मिसेस हॉब्स यांचं म्हणणं, चर्चची धान्याची कोठी जळाली तेव्हा पाद्रीबुवांनी तो विकत आणला. जेफचं म्हणणं, त्याच्या पणजोबांच्या पबची भट्टी जळाली तेव्हा त्यांनी आणला, आणि पाद्रीबुवा तेव्हा मदतीलासुद्धा आले नाहीत. मी वही घेतली नाही, चहा घेतला. घरोघरी बसून ऐकलं. जितकं ऐकलं तितका घोळ वाढत गेला. एकाच्या गोष्टीत जो दलाचा पहिला कप्तान होता, तो दुसऱ्याच्या गोष्टीत त्याआधीच वारला होता. मी रात्री सुनंदाला सांगायचो आणि ती म्हणायची, "अहो, तुम्हाला आपल्या सांगलीच्या घरातली भांडणं कधी समजली नाहीत, ही कशी समजणार?"

पण एक गोष्ट मला दोन्हीकडे ऐकू आली, आणि दोन्हीकडे ती हसत हसत, जाता जाता सांगितली गेली. पंप ओढायला घोडा हवा. दलाकडे घोडा नव्हता. गावात बेकरीवाल्याचा एक होता. पण सकाळपासून दुपारपर्यंत तो पाव पोचवायला गावोगाव गेलेला असायचा. त्यामुळे दिवसा आग लागली की माणसं पंपाभोवती जमायची आणि बेकरीवाल्याच्या घोड्याची वाट बघत उभी राहायची.

हे ऐकलं आणि मला ती बंबातली पट्टे बांधून बसलेली माणसं आठवली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. एका बाजूला चर्चवाले, दुसऱ्या बाजूला पबवाले, समोर मुख्यालयाहून आलेल्या एक अधिकारी बाई. मी उभा राहिलो आणि खरं तेच बोललो. "पंप कुणी आणला ते मला कळलेलं नाही. मी फार प्रयत्न केला. मला एवढंच कळलंय, की या गावाकडे पहिल्यापासून पंप आहे, माणसं आहेत, आणि दुपारी घोडा नाही." मग मी घोड्याची गोष्ट सांगितली. दोन्ही बाजू हसल्या. माझ्या माहितीत त्या पहिल्यांदाच एकत्र हसल्या.

अधिकारी बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि आज घोडा कोण?"

"मी," मी म्हटलं.

"आणि तुम्ही जाताय."

"हो."

हसू थांबलं. माझं भाषण स्टेशन वाचवण्यासाठी होतं, आणि मी ते बंद का करावं हेच पटवून दिलं होतं. मग बाई म्हणाल्या, "हे गुडघे निवृत्त व्हायच्या आत दुसरा घोडा मिळाला, तर बंब राहील. नाही मिळाला तर मला काही करता येणार नाही."

कुणी हात वर केला नाही. आमच्यात टेसा होती, बरीच वर्षं होती. तिचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान माझ्या दुकानासमोरच, दिवसभर गावातच. धुरात शिरायला सगळ्यांच्या पुढे. पण बंब चालवायचं नाव काढलं की म्हणायची, "मला माझी छोटी गाडी धड पार्क करता येत नाही." त्या सभेतही ती खाली बघत बसली होती. तेव्हा मिसेस हॉब्स काठीवर भार देत उठल्या. मला वाटलं, पेटुनिया. त्या म्हणाल्या, "टेसा, तू माझ्या बार्नबीला एका जागी उभा धरतेस. त्याच्यापुढे तो बंब काहीच नाही." बार्नबी हा त्यांचा कुत्रा. तो कुणालाही जुमानत नाही, त्याने एकदा खुद्द पाद्रीबुवांना चावा घेतला होता.

टेसा पहिल्या परीक्षेत नापास झाली. बंब मागे घेताना स्टेशनाच्या दाराजवळचा खांब पाडला. त्या संध्याकाळी ती माझ्या दुकानात येऊन एका उघड्या मशीनवर बसली आणि म्हणाली, "डीके, स्टेशन बंद पडलं तर सगळे म्हणतील माझ्यामुळे." सुचलं ते बोललो. "खांब मीही पाडला होता. तोच. तेव्हा नवा होता." ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. आम्ही रोज दुपारी रिकाम्या शेतात जुन्या ट्रकवर सराव करायला लागलो. दुसऱ्यांदा ती पास झाली. ती परीक्षा देत होती तेव्हा मी इकडे दुकानात एका मशीनचं ड्रम उलटं बसवलं.

मी पेजर परत केला. कमरेला हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटेना. सुनंदा म्हणाली, "आता दुपारी जेवायला जाऊ." आम्ही केंब्रिजला गेलो, छान जेवलो, आणि मी पूर्ण वेळ दाराकडे तोंड करून बसलो होतो.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारीच, मी दुकानात असताना समोरचं दार उघडलं आणि टेसा ॲप्रनसकट धावत सुटली. काचेमागे बार्नबी, अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवला आणि पळालो. का पळालो ते सांगता येणार नाही. गुडघे ओरडत होते. स्टेशनात शिरलो, सवयीने बंबाच्या उजव्या बाजूला गेलो, दार उघडलं. आत टेसा बसली होती.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे.

"डीके," ती हळूच म्हणाली, "दार लाव."

मी लावलं. बंब निघाला. खांब वाचला. भोंगा वाजत वाजत लांब गेला आणि मी त्या मोठ्या रिकाम्या जागेत उभा राहिलो. इतकी वर्षं त्या स्टेशनात वावरलो, पण बंब नसताना ते आतून कसं दिसतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. गावाचा बंब दुपारी, माझ्याशिवाय, वेळेवर गेला होता. याच्यासाठीच सगळा आटापिटा केला होता. मला खूप आनंद झाला आणि खूप वाईट वाटलं, आणि त्यातलं जास्त काय होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

मग मोठं दार लावलं. जमिनीवर बूट विखुरले होते, जेफचे लाकडाच्या भुशाने भरलेले, टेसाचे कुत्र्याच्या केसांनी. वाकायला त्रास झाला, पण पाचही जोड भिंतीशी लावले. माझे पायातच होते. मग स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेलो आणि तिथे फोन वाजला.

"अहो, कुठे आहात? दुकान सताड उघडं टाकलंय म्हणे."

"स्टेशनवर."

"रिटायर झालात ना तुम्ही?"

"झालो."

"मग बंबावर काय करताय?"

"बंबावर नाही. बंब गेला."

"तुम्हाला सोडून?"

"हो."

"मग तिथे एकटे काय करताय?"

"चहाच्या पिशव्या शोधतोय," मी म्हटलं. "इथे कुठे ठेवतात, मला माहीतच नाही."

त्या साखरेच्या डब्यामागे सापडल्या. किटली भरून ठेवली, पाच कप मांडले. मग हातात सहावा कप घेऊन उभा राहिलो. रीतीत चहा करणाऱ्याचाही कप असतो का, की फक्त बंबावरच्यांचे, हे इतक्या वर्षांत कुणाला विचारायचं राहून गेलं होतं. शेवटी तोही मांडला.